दोन हिवाळ्यांचं पाणी

४ जानेवारी

ती. भाऊजी,
साष्टांग नमस्कार.

पाण्याच्या तापमानाचा डिसेंबरचा तक्ता काल पोचला. तीस वर्षांत तुमचा तक्ता कधी पाच तारीख ओलांडून आला नाही. आमच्या संस्थेतलं घड्याळसुद्धा इतकं नेमानं चालत नाही. ते गेले दोन महिने पावणेचारवर बसलंय.

एक किरकोळ विचारायचं होतं. गेल्या वर्षीच्या पुराची चौकशी सुरू आहे, ते पेपरात वाचलं असेलच. वर्ष कोरडं जाणार असा अंदाज हवामान कचेरीनं दिला, म्हणून धरणवाल्यांनी पाणी अडवून ठेवलं, आणि मग चार दिवस पाऊस असा कोसळला की सगळे दरवाजे एकदम उघडावे लागले. खालच्या तीन वस्त्या गेल्या. तो अंदाज ज्या नियमावर उभा होता, तो नियम माझा. तुम्हाला हजारदा ऐकवलाय: किनाऱ्यालगतचा कोमट प्रवाह एखाद्या वर्षी खोल समुद्राकडे सरकतो, त्याच्या जागी तळाचं गार पाणी वर येतं, आणि तसं झालं की पुढचं वर्ष कोरडं. सव्वीस वर्षांपूर्वी लागोपाठ दोन हिवाळे तुमच्या धक्क्याखालचं पाणी दीड अंशानं गार झालं होतं, आणि पाठोपाठ दोन वर्षं पावसानं ओढ दिली होती. त्यातून तो नियम निघाला. त्यानंतर पाणी तेवढं गार झालं ते थेट या पुराआधीच्या हिवाळ्यात, आणि नियम तोंडावर आपटला.

म्हणून आम्ही सगळे जुने आकडे पुन्हा तपासतोय. आमच्याकडे एक नवी मुलगी आली आहे, तिला आम्ही आकडेवालीच म्हणतो. परवा ती मला म्हणाली, "मॅडम, एरवी धक्क्यावरून एकवीस दशांश तीन, एकवीस दशांश आठ असे आकडे येतात. पण हे दोन हिवाळे आणि मधला उन्हाळा, दशांशाच्या पुढे फक्त शून्य नाहीतर पाच." तेव्हा थर्मामीटर बदलला होता का? आठवत असेल तर दोन ओळी लिहा. अक्काला नमस्कार.

तुमची,
बारकी


११ जानेवारी

चि. बारकी,
अनेक आशीर्वाद.

थर्मामीटर तोच, तू पहिल्या दिवशी कापसात गुंडाळून आणलेला. बदलली होती ती माणसं. विसरलीस का? त्याच नोव्हेंबरात मी क्रेनच्या शिडीवरून पडलो. चार महिने पाठ पलंगाला, नंतर कमरेला पट्टा, आणि पुढच्या वर्षीचा हिवाळा संपेपर्यंत पायऱ्या चढायच्या नाहीत असा डॉक्टरांचा दम. तेव्हा समुद्राचं पाणी काढायची बादली तुझ्या अक्कानं घेतली. मी म्हटलं, "बंद करू, बारकीला कळवतो." तर म्हणाली, "तुम्ही पडलात म्हणून समुद्र थांबलाय का?"

सकाळी सातला ती खाली उतरायची. बासष्ट पायऱ्या, शेवटच्या दहा शेवाळलेल्या. तिला थर्मामीटरच्या बारीक रेघा दिसत नसत, म्हणून अर्ध्यावर आणून सोडायची. त्याचेच तुझे ते शून्य आणि पाच. मी पलंगावरून विचारायचो, किती? ती पदराला हात पुसत आकडा सांगायची आणि वहीत लिहायची.

तिची तब्येत बरी आहे. विसरते मात्र फार. काल चहात दोनदा साखर घातली आणि मला म्हणाली, "तुमची जीभच गोडावली आहे." डॉक्टर म्हणतात वयानं होतं. माझं वय तिच्याहून चार वर्षांनी जास्त आहे, मला का होत नाही म्हणून विचारलं, तर ते नुसतेच हसले.

तुझा,
भाऊजी


१७ जानेवारी

ती. भाऊजी,
सा. न.

जीव भांड्यात पडला. अपघात माझ्या लक्षात होता, पण बादली अक्काकडे गेली हे मी साफ विसरले होते, की मला कोणी सांगितलंच नव्हतं? तुमचं पत्र चौकशी समितीपुढे ठेवलं. माणूस बदलला, नजर बदलली, आकडे अर्ध्यावर आले. त्यानं सरासरीत काही फरक पडत नाही. आकडेवालीनं मान डोलावली, पण तोंडात पेन्सिल धरून. तिचं समाधान झालं नाही की ती अशीच असते, मला अजून कळत नाही.

अक्काला सांगा, तिचे शून्य आणि पाच समितीनं मान्य केले. माझ्यासाठी ती बासष्ट पायऱ्या रोज उतरत होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता. लाज वाटली.

तुमची,
बारकी


२८ जानेवारी

चि. बारकी,
अ. आ.

हे पत्र पाठवू की नको यात तीन दिवस गेले. चांगल्या बातमीत खडा टाकायला मला आवडत नाही.

तुझं पत्र मी अक्काला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती खिडकीशी बसून दोरा ओवत होती. पायऱ्यांचं वाक्य आलं तशी हसायला लागली. म्हणाली, "मी कुठं रोज उतरत होते?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"तुम्हाला एकटं टाकून? कुशीवर वळवायला माणूस लागायचा. आणि त्या खालच्या पायऱ्या! मी इथूनच बघायची आणि लिहायची."

मला वाटलं, विसरली आहे. परवा भाचीला मुलगी समजली, तसंच हे. संध्याकाळी पुन्हा विचारलं, तर म्हणाली, "उतरायची की. पाय बर्फ व्हायचे." दुसऱ्या दिवशी म्हणाली, बादली कसली? तिसऱ्या दिवशी म्हणाली, वारा पडला असेल त्या दिवशी जायची.

मी पलंगावर होतो, बारकी. मागचं दार वाजायचं, ती बाहेर जायची आणि पंधरा-वीस मिनिटांनी यायची. हात ओले असायचे. पण हात तर नळावरही ओले होतात. चव्वेचाळीस वर्षांत मी तिच्या शब्दावर दुसऱ्यांदा विचार केला नव्हता. आता रोज करतो, आणि ती समोर बसलेली असते.

तुझा,
भाऊजी


३ फेब्रुवारी

ती. भाऊजी,
सा. न.

घाबरू नका. हे मी तुम्हाला लिहितेय की स्वतःला, माहीत नाही.

अक्का उतरत नसेल तर ते दोन हिवाळे गेले. पण थोडे दिवस जरी उतरली असेल आणि ते कुठले एवढं जरी कळलं, तर मी तेवढ्यांवर उभी राहू शकते. त्या सोळा महिन्यांत आपल्या किनाऱ्याजवळ दुसऱ्या कोणीही पाणी मोजलेलं नाही. जहाजांच्या नोंदी शोधल्या: एकूण चार, त्याही ऐंशी मैल बाहेरच्या. आज आम्ही उपग्रहावरून अख्खा समुद्र बघतो, समुद्रात शेकडो तरंगती यंत्रं सोडून ठेवलीत. पण सव्वीस वर्षांपूर्वीची सकाळ त्यातलं कुठलंच यंत्र मोजू शकत नाही.

कच्ची वही आहे का बघा. तिचं अक्षर कुठे घाईचं आहे, कुठे सावकाश, शाई एका बैठकीतली वाटते का, कागदाला पाण्याचे डाग आहेत का. आणि अक्काला विचारा, पण एकदम नको. सकाळी तिचं डोकं जास्त ताजं असतं असं तुम्हीच म्हणाला होतात. वारा असायचा तेव्हा काय करायची, दोर कुठे ठेवायची, असं आडून विचारा.

कोणाला अजून बोलले नाही. नियमावर दोन मुलींचे प्रबंध झालेत. त्यातली एक आता स्वतः शिकवते.

तुमची,
बारकी


१५ फेब्रुवारी

चि. बारकी,
अ. आ.

वही सापडली. माळ्यावर, सुटकेसच्या तळाशी. शाई एकच, अक्षर एकच, नीटनेटकं, शाळेतल्या शुद्धलेखनासारखं. पाण्याचा एकही डाग नाही. पण तुझी अक्का वहीला डाग पाडणारी बाई नाही, हे तुलाही ठाऊक आहे. तेव्हा वहीनं काही सांगितलं नाही.

तू सांगितलंस तसं रोज सकाळी विचारलं. दोर कुठे ठेवायचीस? भरती असली की काय करायचीस? पहिले दोन दिवस ती गोष्ट सांगावी तशी बोलली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुम्ही माझी उलटतपासणी घेताय." चौथ्या दिवशी रडायला लागली. "माझ्याकडून काहीतरी मोडलंय का? काय मोडलं ते तरी सांगा."

मी तिथंच थांबायला हवं होतं. थांबलो नाही. तुझं काम अडलंय हे डोक्यात होतं.

परवा सकाळी मी दाढी करत होतो. बाहेर आलो तर मागचं दार उघडं, बादली जागेवर नाही. बारकी, मी त्या पायऱ्या कशा उतरलो ते मला सांगता येणार नाही. ती सगळ्यांत खाली, शेवाळाच्या पायरीवर बसली होती, कमरेपर्यंत ओली. एक चप्पल वाहून गेली होती. दोर मनगटाला गुंडाळलेला आणि बादली लाटेबरोबर तिला ओढत होती. मी दोर सोडवायला लागलो तर सोडू देईना. म्हणाली, "थांबा, आकडा घेऊन येते, मग तुम्ही विचारायचं बंद कराल ना?"

खालच्या दोघा खलाशांनी उचलून वर आणलं. मनगट सुजलंय, हाड शाबूत आहे. दोन दिवस ताप होता, आज उतरला.

तू म्हणशील तिचं डोकं सकाळी ताजं असतं. असतं. म्हणूनच आता मी विचारणार नाही. रागावू नकोस. तुझा समुद्र मोठा आहे, मला कळतं. पण माझ्या घरात एवढीच आहे.

भाऊजी


(तारीख नाही)

चि. बारकी,

हे खिडकीत बसलेत म्हणून मी स्वयंपाकघरात लिहितेय. शेजारची नर्स पेटीत टाकते म्हणाली. तिला पत्ता पाठ नाही, मलाही नाही, पण तुझ्या जुन्या पाकिटावर छापलेला आहे.

हे मला रोज पाण्याचं विचारत होते, आता विचारत नाहीत. आता नुसते बघतात. ते जास्त वाईट.

तू आपल्या उंबऱ्यावर बसून रडली होतीस. निळी ओढणी होती. म्हणालीस, अक्का, या हिवाळ्यात पाणी गार झालं तर माझं म्हणणं खरं ठरेल, नाहीतर मला तिथे ठेवणार नाहीत. मी म्हटलं, पाणी काय आपल्या हातात असतं? मग हे शिडीवरून पडले आणि वही माझ्या हातात आली.

काही दिवस उतरले. ते खरं आहे. वारा नसेल तेव्हा उतरायची. पण पाणी मेलं कोमटच असायचं. मग मी वर येऊन जरा कमी लिहायची. जनगणनेवाल्याला बायका वय सांगतात ना, तसं, थोडंसंच कमी. रोज थोडंसं. कुणाचं काय जातंय?

पुढं पाऊस पण खरंच आला नाही. तेव्हा मी घाबरले. मला वाटलं, माझ्यामुळेच आला नाही.

यांना सांगू नकोस. यांना खोटं चालत नाही. आणि मी रोज उतरत होते असंच म्हणून टाक. तुझी ओढणी इथं राहिली आहे, धुऊन ठेवते.

अक्का


२७ फेब्रुवारी

ती. भाऊजी,
सा. न.

अक्काचं पत्र सोबत पाठवतेय. तिनं तुम्हाला सांगू नकोस म्हटलंय. तीन दिवस मी तिचं ऐकलं. पण तुम्ही तिच्याकडे नुसते बघत बसलाय हे पुन्हा वाचलं आणि राहवलं नाही. वाचा, आणि तिला कळू देऊ नका.

मी तसं म्हणाले होते. उंबरा आठवतो, ओढणी आठवते. एकतीस वर्षांची होते, तात्पुरती नेमणूक, वरचे म्हणायचे की बाईला किनारा सापडला तरी पुरे, प्रवाह कसला सापडतोय. मी रडले, मोकळी झाले, गाडीत बसले आणि विसरले. ती विसरली नाही. बाकी सगळं विसरली.

आता तुम्ही म्हणाल, ती आजारी आहे, तिच्या बोलण्यावर काय जायचं? मीही तेच म्हणत होते. मनानं नंतर रचलं असेल. म्हणून काल मी एक गोष्ट केली, जी सव्वीस वर्षांपूर्वी करायला हवी होती. तुमच्या अपघाताची तारीख असलेलं जुनं पत्र आणि आकड्यांचा आलेख शेजारी ठेवला. पाणी गार व्हायला लागलं ते तुम्ही पडल्यावर सातव्या दिवशी. पुन्हा कोमट झालं ते तुम्ही बादली परत घेतलीत त्या आठवड्यात. दोन्ही कागद कायम माझ्याच कपाटात होते, भाऊजी. मी पाहिले नाहीत, कारण मला पाहायचं नव्हतं.

त्या हिवाळ्यांत पाणी खरोखर कसं होतं, हे आता कोणालाही कळणार नाही. तिलाही नाही.

समिती तुमच्या पहिल्या पत्रावर खूश आहे. मी गप्प राहिले तर विषय मिटतो. पण नियम तसाच राहतो, आणि पुढच्या वेळी पाणी गार झालं की धरणवाले पुन्हा दरवाजे लावून बसतील. बोलले, तर कागदावर अक्काचं नाव येतं. मला काही सुचत नाही. मोठे म्हणून तुम्ही सांगा.

तुमची,
बारकी


५ मार्च

चि. बारकी,
अ. आ.

सांग त्यांना.

मी चौतीस वर्षं क्रेन चालवली. दोरखंडाचा एक पदर उसवलेला दिसला आणि खाली माणसं उभी असली, तर कोणाच्या हातून उसवला हे आम्ही नंतर बघायचो. आधी माल खाली.

तिचं नाव येईल तर येऊ दे. ती पेपर वाचत नाही. मी वाचतो, मी सोसेन.

एकच मागणं आहे. ते सोळा महिने काढून टाका, पण बाकीची अठ्ठावीस-एकोणतीस वर्षं माझी आहेत. ताप असताना उतरलोय, आई गेली त्या सकाळी उतरलोय. त्यातला एकही आकडा खिडकीतून लिहिलेला नाही. त्यांना धक्का लागणार नाही एवढं बघ.

पत्र वाचून झालं तेव्हा ती शेजारीच भाजी निवडत होती. "कोणाचं?" म्हणाली. मी म्हटलं, "बारकीचं." म्हणाली, "बरी आहे ना?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

भाऊजी


१९ एप्रिल

ती. भाऊजी,
सा. न.

दीड महिना लिहिलं नाही. निकाल लागल्याशिवाय काय लिहायचं, असं वाटत होतं. आता लागला आहे, तरी हात चालत नाही.

मी सगळं सांगितलं. कोणी ओरडलं नाही. अध्यक्षांनी मला पाणी दिलं. नियम मागे घेतला, हवामान कचेरीनं त्याच दिवशी तो काढला. माझ्या दोघी विद्यार्थिनींना मी स्वतः फोन केला. एक रडली. दुसरी म्हणाली, "ठीक आहे मॅडम," आणि फोन ठेवला. पूरग्रस्तांच्या बाजूनं एक बाई रोज येऊन मागच्या बाकावर बसायच्या. त्यांची सासू त्या पाण्यात गेली. शेवटच्या दिवशी त्यांनी मला बाहेर गाठलं. वाटलं, आता तोंडात मारतील, बरंच होईल. त्या म्हणाल्या, "म्हणजे कोणी एका बाईनं बहिणीसाठी केलं, एवढंच ना?" मी हो म्हटलं. त्यांनी पिशवी खांद्याला अडकवली. नंतर निघून गेल्या.

आता तुमचं. मी भांडले, भाऊजी. तीन बैठकांत भांडले. आकडेवालीनंही तुमच्या बाजूनं हिशेब मांडून दाखवला की उरलेले आकडे स्वच्छ आहेत. पण समितीचं म्हणणं एकच: ज्या ठिकाणी सोळा महिने कोणाला न कळता असं चाललं, तिथले बाकीचे आकडे खरे याची हमी कोण देणार? मी देते म्हटलं. तर सगळे माझ्याकडे बघत राहिले. मी कोण, हे त्यांना माहीत होतं.

तुमच्या धक्क्याच्या तीसही वर्षांच्या नोंदी वगळल्या आहेत. केंद्र बंद. एक तारखेपासून तक्ता पाठवू नका, असं रीतसर पत्र तुम्हाला येईल. ते येण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं.

मला नोकरीत ठेवलं आहे. दीड वर्ष राहिलंय, तेवढं पुरं करा म्हणाले. तुम्हाला तोंड दाखवायला कधी येऊ, तुम्हीच सांगा.

बारकी


२८ एप्रिल

चि. बारकी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं, आणि तिसऱ्या दिवशी ते रीतसरही आलं. त्यात माझं नाव चुकवलंय.

राग आला. लपवत नाही. ते सोळा महिने सोडले तर काल मी तीस वर्षांत पहिल्यांदा सातला खाली गेलो नाही. नऊ वाजेपर्यंत पायात चप्पल घालून खुर्चीत बसून होतो. माणसानं सकाळी काय करायचं असतं तेच कळेना. एकदा वाटलं, त्या अध्यक्षांना लिहावं. एकदा वाटलं, वह्या बंबात घालाव्या. सत्तावीस तर भरल्या आहेत, सुटकेसमध्ये मावत नाहीत. मग वाटलं, हिला हलवून विचारावं, कशाला केलंस? माझी जन्माची मेहनत तुझ्या दीड अंशात गेली, कळतंय का तुला?

ती जेवून पडली होती. तुझं पत्र माझ्या हातात बघून म्हणाली, "वाचा की." मग वाचलं. वस्त्या गाळल्या, ती सासू गाळली, समिती गाळली, माझ्या वह्या गाळल्या. वाचण्यासारखं फारच थोडं उरलं, ते दोनदा वाचलं. ती डोळे मिटून ऐकत होती. मला वाटलं झोपली.

"तिला ठेवली ना कामावर?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "ठेवली."

"मग झालं," म्हणाली, आणि कुशीवर वळली. चेहरा इतका निवांत, बारकी, की लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातसुद्धा मी तिचा असा पाहिला नसेल.

मी पांघरूण घातलं आणि बाहेर येऊन बसलो. केव्हाही ये. तोंड दाखवायचं काही नाही. पण लवकर ये, कारण काल तिनं मला विचारलं, बारकी म्हणजे कोण?

तुझा,
भाऊजी